सुकवण खोलीची वही

त्याचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण वाजायच्या आत तो बंद करायचा, बायकोची झोप मोडू नये म्हणून. पाचला कारखान्याचं मागचं कुलूप, सव्वापाचला भट्टीत पहिला जाळ, पावणेसातपर्यंत सुकवण खोली अशी तापलेली की दारातून हात आत धरवू नये. सातला पहिली गाडी आत. बावीस वर्षांत ही वेळ दोनदा चुकली. एकदा बाप गेला तेव्हा, आणि एकदा मुलगी झाली तेव्हा. मुलीच्या वेळी तो साडेसातला दवाखान्यातून थेट आला, आधी जाळ घातला आणि दुपारी चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मुलगी झाली."

कारखान्यात त्याला भट्टीकाका म्हणत. मालकही तेच म्हणायचे, आणि मालक त्याच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

कारखाना भिंतींचा. गव्हाचं काड गरम दाबयंत्रात घालून त्याची दाराएवढी पॅनेलं काढायची, वर जाड कागद चिकटवायचा, आणि ती उभी करून घराच्या आतल्या भिंती करायच्या. एक पॅनेल सेहेचाळीस किलो. दाबण्यात डिंक नाही, खिळा नाही. काडातला चीक उष्णतेने सुटतो आणि तोच काडाला काड धरून ठेवतो. मात्र काड नेमकं सुकलेलं हवं. ओलं राहिलं तर यंत्रात वाफ कोंडते आणि पॅनेल मधोमध फुटतं. जास्त सुकलं तर काडाचा भुगा होतो आणि कडा झडतात. शंभरात बारा भाग ओलावा, एवढ्यावर सगळं अडलेलं. म्हणून सुकवण खोली.

काम असं. गाठी सोडायच्या, काड जाळीच्या कप्प्यांवर पसरायचं, चौदा कप्प्यांची गाडी रुळावरून आत ढकलायची. भरलेली गाडी लोखंडासकट चारशे किलोला जाते. चाकं तेल घातलेली असली तर दोन माणसांचं काम, नसली तर तिघांचं. चाकांना तेल तो रोज घालायचा. भट्टीत दर अर्ध्या तासाला भुश्शाची नऊ फावडी. फावडं उचलायला जड नाही, पण ते भट्टीच्या तोंडात हात लांब करून झटकावं लागतं, नाहीतर भुस्सा पुढेच साचतो आणि धूर उलटा येतो. हा झटका खांद्यात बसतो. आठ तासांत अशी एकशे चव्वेचाळीस फावडी. शिवाय दर तासाला आत शिरून दाताळ्याने काड उलटायचं. ते काम चार बायका करायच्या. आत पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणी थांबायचं नाही, हा नियम त्यानेच घातलेला. स्वतः मात्र तो दहा मिनिटं थांबायचा.

सुकवण विभागात तो धरून अकरा माणसं होती.

काड झालं की नाही, हे बघायला पूर्वी एक यंत्र होतं, दोन खिळे आणि एक काच असलेलं. खिळे काडात खुपसले की काचेत आकडा दिसायचा. नऊ वर्षांपूर्वी ते पाण्याच्या पिंपात पडलं. मालक म्हणाले, "बघू." पुढच्या वर्षीही म्हणाले, "बघू." तोवर त्याचं यंत्रावाचून काही अडेनासं झालं होतं. गाडीच्या मधल्या कप्प्यातून, अगदी पोटातून, तो मूठभर काड ओढायचा आणि वरच्या ओठाला लावायचा. ओलं काड ओठाला गार लागतं. बोटाला लागत नाही, बोट राठ झालेलं असतं. मग एक काडी कानाशी मोडायची. नीट सुकलेली काडी कट्‌ वाजते, ओली नुसती वाकते. ओठ आणि कान दोघांनी हो म्हटलं की तो म्हणायचा, "झालं." नाहीतर, "नाही झालं." याच्या मधलं तो काही बोलायचा नाही.

नाही झालं म्हटल्यावर गाडी परत आत. सहा तासांत काड व्हायला हवं, असं कारखान्याच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. पण काड येतानाच कधी जास्त ओलं यायचं, भुस्सा कधी दमट असायचा. मग, म्हणजे जवळजवळ रोजच, आणखी दोन तास जाळ घालायचा. झालं म्हटल्यावरच गाडी दाबयंत्राकडे जायची.

आणि मग वही. वहीत रोज तीन रकाने भरायचे: गाड्या किती, सुकवलं किती तास, ओलावा किती. तो लिहायचा: सहा, सहा, बारा. दुसऱ्या दिवशी सहा, सहा, बारा. अक्षर छान होतं त्याचं, आकडे एकाखाली एक अगदी ओळीत. खोटं लिहितोय असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. त्याच्या लेखी बारा म्हणजे झालं.

मग कामं कमी होत गेली. चार दाबयंत्रांतली दोन बंद पडली ती बंदच राहिली. मालकांनी एक दिवस सगळ्यांना अंगणात बोलावलं. म्हणाले, एक मोठं रुग्णालय बांधलं जातंय. त्यांना आतल्या भिंतींसाठी नऊ हजार पॅनेलं हवी आहेत. वर्षभराचं काम. मिळालं तर चारही यंत्रं चालतील. नाही मिळालं तर सुकवण खोली बंद करावी लागेल, गोदामात पडलेलं सुकं काड संपेपर्यंत एक यंत्र चालवायचं आणि मग देवाच्या हवाली.

"मिळायला अडचण काय?" दाबयंत्रावरच्या माणसाने विचारलं. त्याला सगळे दाबवाला म्हणत. भट्टीकाकाचा तो वीस वर्षांचा दोस्त, आणि तेवढीच वर्षं त्याची थट्टा करणारा.

मालक म्हणाले, "भाव पटलाय. पण त्यांना इमारतीचा हवेचा हिशेब द्यावा लागतो. सिमेंट, लोखंड बनवताना किती वायू हवेत गेला, आणि आपल्या काडासारख्या वस्तूत किती धरून ठेवला. आपल्या भिंतीत जेवढा धरलाय तेवढा त्यांच्या एकूणातून वजा होतो. तो वजा व्हावा म्हणून तर आपल्याकडे आलेत. नाहीतर आपल्याला कोण विचारतंय! तपासायला माणूस येणार आहे."

माणूस म्हणून आली ती तिशीच्या आतली मुलगी, पाठीवर पिशवी, पायात जाड बूट. चहा व्हायच्या आत दाबवाल्याने तिचं नाव हवावाली ठेवलं. ते तिच्या कानावर गेलं, तर हसून म्हणाली, "ऑफिसात याहून वाईट नाव आहे."

भट्टीकाकाने तिला सगळं दाखवलं. तिने गाठी मोजल्या, गाडी मोजली, पॅनेल काट्यावर घालून वजन केलं. सेहेचाळीस. मग भट्टीशेजारच्या बाकावर बसून तिने कागदावर गणित मांडलं.

"काका, हे सेहेचाळीस किलो. यातलं पाणी शंभरात बारा. ते वजा केलं तर कोरडं काड साडेचाळीस किलो. त्यात शंभरात चाळीस भाग कार्बन, म्हणजे सोळा किलो. हा कार्बन रोपाने हवेतून ओढलाय. हवेतला तो वायू किती, तर एकोणसाठ किलो."

"सेहेचाळीस किलोच्या पॅनेलमध्ये एकोणसाठ किलो?"

"हो."

"मॅडम, असा काटा आमच्या भंगारवाल्याकडेपण नाही."

ती मोठ्याने हसली. "रोप वायू घेतं, त्यातला कार्बन ठेवतं आणि बाकीचा भाग परत हवेत सोडतं. म्हणून आलेला जास्त, राहिलेला कमी."

हे त्याला पटलं. बावीस वर्षं जे उचललं, पसरलं, उलटलं त्यात असं काही होतं, हे ऐकून त्याला बरंही वाटलं. त्याने कागदावरचा एकोणसाठ पुन्हा एकदा बघितला.

"म्हणजे हे एकोणसाठ वजा होणार."

"पहिल्या रकान्यात होणार. शेवटच्या रकान्यात परत मिळवावे लागतात."

"का?"

"साठ वर्षांनी इमारत पाडली आणि काड जाळलं किंवा कुजलं, असं धरायचं."

"कोण पाडणार?"

"कोणी नाही. धरायचं."

"आमच्या पॅनेलला साठ वर्षांत काही होत नाही, मॅडम. कोरडं ठेवा, शंभर वर्षं घ्या."

"मला मान्य आहे, काका. पण नियम तसा आहे. जे झाडातून आलं ते झाडासारखं परत जाणार. रुग्णालयवाले तरी निदान पहिला रकाना बघतात. कितीतरी जण तोही बघत नाहीत."

तिने भट्टीकडे बोट केलं. "यात काय जाळता?"

"भुस्सा. काडाचाच."

तिने लिहिलं आणि म्हणाली, "याचा धूर आपण शून्य धरतो. रोपाने घेतलेलंच परत गेलं."

"बावीस वर्षं मी तो ओढतोय," भट्टीकाका म्हणाला. "तोपण शून्य का?"

दाबवाला मागे उभा होता. तो म्हणाला, "तुझ्या छातीत साठलाय ना, मग तुला पहिल्या रकान्यात घालतील."

तिघंही हसले. त्या दिवशीचं हे शेवटचं हसणं.

"आता फक्त बाराचा पुरावा बघते," ती म्हणाली. "सगळं गणित त्या बारावर उभं आहे. बाराच्या जागी वीस निघाले तर कोरडं काड कमी, कार्बन कमी. तीन वर्षांच्या नोंदी लागतात."

त्याने वह्या आणल्या. तीन वर्षांच्या तीन, खाकी पुठ्ठ्याच्या, एकही पान न फाटलेल्या. त्यांचा त्याला अभिमान होता. ती पानं उलटू लागली. पहिली दहा-पंधरा सावकाश, मग भराभर, मग मधूनच कुठलंही. खोलीत अंधार होता, तर तो स्वतः वही दारातल्या उजेडात धरून उभा राहिला. तिने पानांचे फोटो काढले.

"काका, रोज बाराच?"

"बाराच असतो."

"साडेअकरा नाही, तेरा नाही?"

"तेरा असला तर गाडी सोडत नाही मी."

"कशावर मोजता?"

त्याने ओठावर बोट ठेवलं. तिला आधी कळलं नाही, वाटलं गप्प राहायला सांगतोय. मग त्याने गाडीच्या पोटातून काड काढून ओठाला लावून दाखवलं, काडी कानाशी मोडून दाखवली.

पिशवीतून तिने स्वतःचं यंत्र काढलं, दोन खिळ्यांचंच, पण छोटं. म्हणाली, "तुम्ही सांगा, मी मोजते."

सहा गाड्या होत्या. पहिलीला तो म्हणाला, "झालं." यंत्र म्हणालं, अकरा पूर्णांक आठ. दुसरी, "झालं." बारा पूर्णांक दोन. तिसरी, "नाही झालं." पंधरा पूर्णांक तीन. चौथी झालं, पाचवी झालं, सहावी झालं. यंत्राने सहाही वेळा त्याचीच री ओढली. काड उलटणाऱ्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. त्यांच्यातली थोरली, जिला सगळे मावशी म्हणत, ती म्हणाली, "आता लिहा बाई त्यांच्या ओठाचं नाव वहीत."

"माझा विश्वास आहे हो," हवावाली म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता, रागाने नव्हे. "पण हे आजचं झालं. मागच्या तीन वर्षांचं मी कुठून आणू?"

दाबवाला पुढे आला. "मी सांगतो. तीन वर्षांत ओलाव्याने एक पॅनेल फुटलेलं नाही. एक. लिहून घ्या, सही करतो."

तिने लिहून घेतलं. म्हणाली, "टीप म्हणून जोडते. मोजमाप म्हणून नाही जोडता येत."

मग तिने आणखी एक कागद काढला, भुस्सा किती आला त्याचा. मालकांच्या कपाटातला. बोट ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"काका, वहीत रोज सहा तास आहेत. पण भुस्सा आठ तासांचा जळलाय. म्हणजे जवळजवळ रोज. हे कसं?"

"वरचे दोन तास माझे."

"तुमचे म्हणजे?"

"तक्त्यात सहा आहेत. सहात नाही झालं तर जाळ नीट बसला नसेल, काड नीट पसरलं नसेल. ती माझी कसूर. ते कामाचे तास कसे लिहायचे?"

"पण तुम्ही काम केलंत ना?"

"केलं. करायलाच हवं होतं."

"पैसे?"

"मागितले नाहीत."

ती बाकावर बसली. वही मांडीवर होती, पण ती वहीकडे बघत नव्हती. तीन वर्षांत साधारण नऊशे दिवस. नऊशे दिवसांचे दोन-दोन तास, एकाही पानावर नाहीत. जर ते असते, जर कुठे आठ, कुठे सात, कुठे साडेआठ असं लिहिलेलं असतं, तर ती वही खरी वाटली असती. त्याने आपली कसूर झाकली नव्हती, नुसते ते तास मजुरीत धरले नव्हते. आणि नेमकी तेवढ्यानेच वही खोटी ठरली.

"ओलावा न मोजता लिहिलेला, तास भुश्शाशी जुळत नाहीत," ती हळू म्हणाली. "अशा वेळी मला एकच करता येतं. पुरावा नाही, म्हणून साठवलेला कार्बन शून्य."

"एकोणसाठचे शून्य?"

"हो."

"उद्यापासून मोजून लिहितो. यंत्र मी आणतो."

"तीन वर्षं लागतील, काका. त्यांना भिंती वर्षभरात हव्या आहेत."

ती गेल्यावर मालकांनी त्याला आत बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. टेबलावर तीन कोऱ्या वह्या आणि चार वेगवेगळी पेनं ठेवलेली. "बस," म्हणाले. "साडेअकरा, बारा, सव्वाबारा, जरा वरखाली करून लिही. तास सात-आठ घाल. तसं खरंच होतं की नाही?"

"होतं."

"मग खरंच लिहायचंय."

तो बसला. पेन हातात घेतलं. मालक सांगत होते ते एका अर्थी बरोबर होतं, ही वही जुनीपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ गेली असती. मग त्याला आठवलं.

"मालक, तिने फोटो काढलेत. जुन्या पानांचे."

"कधी?"

"मघाशी. वही मीच धरली होती. उजेडात."

मालकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग पेनं गोळा करून खणात टाकली. "जा, गाडी बघ," म्हणाले.

तिसरी गाडी अजून व्हायची होती. त्याने जाऊन नऊ फावडी घातली.

सतरा दिवसांनी निकाल आला. हवावाली स्वतः आली, फोनवर सांगता आलं असतं तरी. अंगणात उभी राहून तिने कागद वाचला. त्यात दोनच ओळी कामाच्या होत्या. पॅनेल चांगलं, असं एकीत होतं. साठवलेला कार्बन शून्य, असं दुसरीत. रुग्णालयाने दुसऱ्या एका कंपनीच्या भिंती घेतल्या. लाकडाच्या होत्या. आपल्यापेक्षा चांगल्या का, असं मालकांनी विचारलं, तर ती म्हणाली, "मला नाही माहीत. कागद पूर्ण होते."

"आणि टीप?" भट्टीकाकाने विचारलं. "जोडलीत ना?"

"जोडली."

"वाचतात का?"

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला.

सुकवण खोली महिनाअखेर बंद करायचं ठरलं. अकरा माणसांना नोटिसा मिळाल्या. कोणी त्याला तोंडावर बोललं नाही, आणि तेच जड होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्याला काही वाटलं नसतं. दाबवाल्याने थट्टा सोडली. डबा खायला दोघं पूर्वीसारखे शेजारी बसायचे, पण आता नुसतं खायचे. शेवटी एक दिवस मावशी दाताळं टेकवून उभी राहिली आणि तिला राहवलं नाही.

"काका, एखाद्या दिवशी नुसतं साडेअकरा लिहिलं असतंत तरी चाललं असतं हो!"

"साडेअकरा नव्हता ना."

"तेच तर," ती म्हणाली. "तेच तर म्हणते मी." आणि डोळे पुसून आत शिरली. त्या दिवशी ती पाच मिनिटांहून जास्त थांबली. त्याने हाक मारली तेव्हा बाहेर आली.

शेवटच्या दिवशीही तो पावणेपाचलाच उठला. बायको जागी होती. ती शाळेत फरशा पुसायची, तिला सहाला निघायचं असे. म्हणाली, "आज तरी उशिरा जा. कोण विचारणार आहे?"

"सहा गाड्या आहेत," तो म्हणाला.

सहाही गाड्या झाल्या. भट्टी विझू द्यायला चार तास लागले, कारण पाणी मारून विझवली तर आतल्या विटा तडकतात. त्या भट्टीत पुन्हा कोणी जाळ घालणार नव्हतं. तरी त्याने पाणी मारलं नाही. राख काढली, तोंड बंद केलं, चाकांना तेल घातलं. मग किल्ल्या देऊन शेवटची मजुरी आणि नोटिशीचे पैसे घेतले. अडीच महिन्यांची मजुरी हातात आली.

घरी पंधरा दिवस तो नुसता बसून होता. बसणं त्याला येत नव्हतं. खुर्चीच्या कडेला बसायचा, कोणी हाक मारली तर उठता यावं असा. सोळाव्या दिवशी कारखान्यात जाऊन त्याने मालकांकडे वाहताना तुटलेल्या मालाच्या ढिगातला एक तुकडा मागितला, पॅनेलचा चौथा भाग, साडेअकरा किलोचा. मालक म्हणाले, "चार ने." त्याने एकच घेतला. हवावालीला फोन केला. म्हणाला, काडात कार्बन किती ते तपासणारी प्रयोगशाळा कुठे आहे?

"काका, नका घालवू पैसे," ती म्हणाली. "एक तुकडा नियमात बसत नाही. आणि ते काम आता दुसऱ्यांकडे गेलं."

"ते कळलं मला. पत्ता सांगा."

दोन बसगाड्या बदलून तो गेला. बसमध्ये तुकडा मांडीवर ठेवला होता, कारण खाली ओल होती. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या माणसाने तुकडा उलटसुलट केला आणि विचारलं, "कशासाठी हवंय?"

"आत काय आहे ते बघायला."

"कंपनीचं नाव?"

"नाही."

"कोरडं वजन आणि कार्बन सांगू. ओलावा आजचा सांगू, केला त्या दिवशीचा नाही. तो आता कोणालाच सांगता येणार नाही."

"हो," भट्टीकाका म्हणाला. हे त्याला तुकडा उचलतानाच माहीत होतं. काड हवेत राहिलं की हवेसारखं होतं. त्याच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार?

माणसाने शुल्क सांगितलं. दीड महिन्याची मजुरी. त्याने पुन्हा विचारलं, माणसाने पुन्हा तेच सांगितलं. त्याने पैसे मोजून खिडकीत सरकवले.

आठवड्याने कागद आला. बायकोने पाकीट त्याच्या हातात दिलं आणि किंमत ऐकल्यावर ती स्टुलावर बसली.

"अहो, दीड महिन्याचे? या कागदाला?"

"हो."

"नोकरी परत देणार आहेत का?"

"नाही."

"मग कोणाला दाखवणार?"

"कोणाला नाही."

तिने हात पुढे केला. म्हणाली, "आणा, मला तरी दाखवा."

त्याचा चष्मा सापडेना, म्हणून तिनेच वाचलं, शाळेत मुलं वाचतात तसं, शब्द तोडून. नमुना, गव्हाचं काड, दाबलेलं. भेसळ नाही. जळका भाग नाही. कुजलेला भाग नाही. कोरड्या वजनात कार्बन, शंभरात चाळीस पूर्णांक तीन. खाली शिक्का, त्याखाली कोणा न बघितलेल्या माणसाची सही. तिने वाचून संपवलं आणि विचारलं, "हे चांगलं आहे का?"

"चांगलं आहे," तो म्हणाला.

दीड महिन्याच्या मजुरीतून हा एक कागद आला. उरलेल्या एका महिन्याच्या मजुरीतून घरभाडं गेलं आणि तिच्यासाठी शाळेत घालायचे रबरी बूट आले.